रिंग काही सुटेना : जस्ताची राख, फिरती भट्टी आणि एकोणिसावा दिवस

भट्टीकर
राम राम मंडळी. इथले कवितांचे आणि मिसळीचे धागे पाहून हा विषय काढायला जरा दबकतोय. पण एका इंग्रजी फोरमवर विचारलं तर उत्तर एक आलं आणि सेल्समन चार. म्हणून आपल्या माणसांत आलो.

मराठवाड्यातल्या एका एमआयडीसीत आमचं छोटं युनिट आहे. पोलाद कारखान्यांच्या बॅगहाऊसमधली (धूर गाळणाऱ्या कापडी पिशव्यांतली) धूळ आणि गॅल्व्हनायझिंगवाल्यांची, म्हणजे लोखंडाला जस्ताचा मुलामा देणाऱ्यांची, जस्ताची राख विकत घ्यायची, कोळसा मिसळून फिरत्या भट्टीत तापवायची. कोळशातला कार्बन जस्ताच्या ऑक्साइडमधून जस्त सोडवतो, जस्त ९०७ अंशांना उकळतं, वाफ वर जाऊन हवेशी गाठ पडली की पुन्हा ऑक्साइड होते आणि ती आम्ही बॅगहाऊसमध्ये पकडतो. पद्धत शंभर वर्षांची आहे, वेल्झ म्हणतात. आमचं किल्न, म्हणजे ही फिरती भट्टी, ३६ मीटर लांब, विटांच्या आतून व्यास २.४ मीटर.

दुखणं एकच, रिंग. डिसचार्ज एंडपासून, म्हणजे माल बाहेर पडतो त्या टोकापासून, ९ ते ११ मीटरवर माल विटेला धरायला लागतो. बाराव्या-तेराव्या दिवशी ड्राफ्ट (भट्टीतली हवेची ओढ) बिघडतो, एकोणिसाव्या दिवशी फीड एंडकडून, म्हणजे माल आत टाकतो तिकडून, तो उलटा सांडायला लागतो. मग बंद. थंड व्हायला दोन दिवस, आत उतरून ब्रेकरने फोडायला तीन, पुन्हा तापवायला दोन. महिन्यातला आठवडा यातच जातो.

मालक म्हणतात बर्नर बदलू. बर्नरवाला म्हणतो वीट बदला. वीटवाला म्हणतो ऑपरेटर बदला. ऑपरेटर नुसता हसतो. यावर कुणी खरोखर उपाय केलाय का?

टवाळखोर
इतकी वर्षं या साइटवर जिलब्या, म्हणजे उगाचचे धागे, पडताना पाहतोय, भट्टीत पडलेली पहिलीच. पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे.

निवृत्त क्लिंकर
भट्टीकर, माझी सगळी नोकरी गडचांदूरच्या बाजूला सिमेंटच्या किल्नवर गेली. रिंग हा शब्द ऐकला की अजून रात्री जाग येते.

आधी शेलचं, म्हणजे बाहेरच्या पोलादी नळकांड्याचं, तापमान सांगा. स्कॅनर असेल तर उत्तम, नसेल तर हातातली तापमान बंदूक घेऊन मीटर-मीटरला रीडिंग घ्या. आत माल बसला की तो विटेला पांघरूण घालतो, त्यामुळे बाहेरून तिथं शेल थंड दिसतं. हा थंड पट्टा रोज वहीत लिहिलात तर रिंग कुठल्या दिवशी जन्मली ते कळेल. तुम्ही बाराव्या दिवसापासून सांगताय, पण ती पाचव्या-सहाव्या दिवशीच बसलेली असणार.

आमच्याकडे रिंग लवकर लक्षात आली तर बंद न करता पाडायचो. फीड कमी करायचं, बर्नर आत-बाहेर सरकवून ज्वाळेची जागा हलवायची. रिंग एकदा तापते, एकदा निवते आणि तडकून पडते. दर वेळी पडेलच असं नाही. आणि पडली तर समोर कुणी उभं नको, कूलरवर मोटारीएवढं ढेकूळ येऊन आदळतं.

टवाळखोर
काका, बंदुकीने तापमान मोजतात हे ठीक. पण अमेरिकेत म्हणे रिंगवर खरोखरची बंदूक चालवतात?

निवृत्त क्लिंकर
चालवतात. आठ बोअरची औद्योगिक बंदूक स्टँडवर लावून, चालू किल्नमध्ये. आपल्याकडे परवान्याचा कागद हातात येईपर्यंत रिंग वयात येईल.

घुग्गुसचा भाऊ
भट्टीकरभाऊ, मी स्पंज आयर्नवाला, म्हणजे खनिज न वितळवता लोखंड काढणारा. आमच्या भाषेत याले अ‍ॅक्रिशन म्हणते. शंभर टनाचं किल्न म्हणजे ४२ मीटर लांब, ३ मीटर व्यास, तुमचं त्याचं लहान भावंड समजा.

एक गोष्ट पाहाच. तुमचे थर्मोकपल शेलमधून आत गेलेले असन, तर त्याच्यावर माल चढला का? एकदा का थर्मोकपल मालाखाली दबलं का ते तापमान कमी दाखवते. ऑपरेटरले वाटते भट्टी निवली, तो हवा वाढवते. भट्टी आधीच तापली असते, आणखी तापते, माल आणखी चिकटते. मग थर्मोकपल आणखी कमी दाखवते. आमच्याकडे एका रात्रीत असा खेळ झाला, सकाळी पाहतो तं आत गुहा. ऑपरेटरले शिव्या बसल्या, चूक थर्मोकपलची.

दुसरं, कोळसा कोणता? आणि त्यात चुरा किती?

साखरपेरणी
विषय थोडा बाजूचा, पण राखेचाच. आमच्या डिस्टिलरीत स्पेंट वॉश (अल्कोहोल काढल्यावर उरणारं सांडपाणी) जाळणारा बॉयलर आहे. त्या राखेत पोटॅश भरपूर, म्हणूनच ती पुढे खत म्हणून जाते. पण पोटॅशमुळे राख कमी तापमानाला मऊ होते आणि ट्यूबांवर गोंदासारखी बसते. ‘राख म्हणजे जळून गेलेली, आता काय होणार’ असं वाटतं, पण कुठली राख किती अंशांना ओली होते यावरच सगळा धंदा चालतो. तुमच्या राखेत पोटॅश, सोडा, क्लोराइड किती?

भट्टीकर
सगळ्यांचे आभार, इतक्या प्रतिसादांची अपेक्षा नव्हती.

काका, शेलची रीडिंगं घेतली. १० मीटरच्या आसपास चांगला दीड मीटरचा थंड पट्टा आहे आणि आज फक्त आठवा दिवस! भाऊ, दोन थर्मोकपलांपैकी पुढचं नक्की दबलेलं आहे, त्याचं रीडिंग आठवड्याभरात हळूहळू ६० अंश उतरलंय आणि आम्ही हवा वाढवत होतो. ऑपरेटरची माफी मागितली. पुन्हा हसला.

कोळशाचं म्हणाल तर आधी कोक ब्रीझ (कोकचा बारीक चुरा) वापरायचो, राख १२ टक्के. तो महागला म्हणून गेल्या वर्षापासून चंद्रपूरकडचा कोळसा, राख ३५ टक्के. शंभर किलो धुळीला ३० किलो.

क्लोराइड आहे, गॅल्व्हनायझिंगच्या राखेतून येतं. तिथं फ्लक्स म्हणून नवसागर (अमोनियम क्लोराइड) वापरतात.

ऱ्हाइनकाठी
नमस्कार. मी ड्यूसबर्गला असतो, याच धंद्यात. (या प्रक्रियेचं पेटंट १९१० चं, पण मोठ्या भट्ट्या इथं जर्मनीत १९२० च्या दशकात लागल्या.) कंपनीचं काही सांगणार नाही, पुस्तकातलं सांगतो.

आधी रिंगचा तुकडा हातात घ्या. तीन प्रश्न. रंग कोणता? चुंबक लागतं का? पाण्यात टाकल्यावर विरघळतो का? पांढुरका, हलका, पाण्यात फुटणारा असेल तर क्लोराइडं आहेत. मीठ आणि पोटॅशियम क्लोराइड एकत्र आले की साधारण ६६० अंशांनाच वितळतात. पण ती भट्टीच्या थंड टोकाला, फीड एंडकडे बसतात. तुमची रिंग १० मीटरवर, म्हणजे गरम भागात आहे. मला वाटतं तुकडा काळा, जड आणि काचेसारखा असेल.

तसं असेल तर तो लोह आणि सिलिकाचा मामला आहे. लोह ऑक्साइड आणि वाळू मिळून फायालाइट होतं, ते १२०५ अंशांना वितळतं, मिश्रणात थोडं आधीच. तुम्ही तिथेच भट्टी चालवता.

भट्टीकर
काळा, जड, काचेसारखा. चुंबक काही ठिकाणी चिकटतं, काही ठिकाणी नाही. पाण्यात रात्रभर ठेवला, ढिम्म.

ऱ्हाइनकाठी
चुंबक चिकटतं तिथं धातूचं लोह आहे. तापमान आणि कार्बन दोन्ही जास्त झाले की लोह कार्बन पिऊन ११५० च्या आसपास वितळतं. हा भाग भाऊंच्या थर्मोकपलने सुटेल.

आता वहीत गणित मांडू. चुना आणि मॅग्नेशियाची बेरीज, भागिले सिलिका, याला बेसिसिटी म्हणतात. तुमच्या धुळीत समजा चुना-मॅग्नेशिया ११ आणि सिलिका ४. २५ किलो कोक घातला तर त्याची राख ३ किलो, त्यात सिलिका जेमतेम १.७. म्हणजे ११ भागिले ५.७, उत्तर १.९. आता ३० किलो कोळसा. राख साडेदहा किलो, त्यात ६० टक्के सिलिका धरली तर ६.३. म्हणजे ११ भागिले १०.३, उत्तर १.०७.

वेल्झ भट्ट्या दोन तऱ्हेने चालवतात. आम्ल तऱ्हेत हा आकडा ०.२ ते ०.५ असतो, क्षारीय तऱ्हेत दीडच्या वर. तुम्ही कोळसा बदललात आणि मधल्या पट्ट्यात येऊन पडलात.

घावनवाली
मी घरी बसून वाचणारी, एमएस्सी केमिस्ट्री, आता दोन मुलांची आई. मधला पट्टा वाईट का, हे मला लगेच पटलं. तांदळाच्या पिठात पाणी भरपूर घातलं तर घावनाचं पीठ होतं, वाहतं. बेताचं उकळतं पाणी घालून मळलं तर भाकरीचं, गोळा सुटा राहतो. मधलं झालं की हाताला, परातीला, नळाच्या तोटीला, सगळीकडे चिकटतं. 

ऱ्हाइनकाठी
घावनवाली ताई, दंडवत. उद्या ऑफिसात हेच सांगणार आहे, जर्मनांना घावन समजावण्यापासून सुरुवात करावी लागेल.

टवाळखोर
पण ताई, घावनाचं चिकटलेलं पीठ काढायला ब्रेकर लागत नाही.

घावनवाली
सुकू दिलंत तर लागतो. आमच्या सिंकला विचारा.

वीटपुराण
उपमा छान आहे, पण जरा थांबा. मी रिफ्रॅक्टरी (भट्टीच्या आतल्या विटा) विकतो, म्हणजे मघाच्या गोष्टीतला तो ‘वीटवाला’. ऱ्हाइनकाठी म्हणतात त्या क्षारीय बाजूला चुना वाढवून जाणं सोपं वाटतं. पण भट्टीकरांची वीट ७० टक्के अ‍ॅल्युमिना असेल तर चुना तिलाच खाणार, चुना आणि अ‍ॅल्युमिना गरम झाले की आपसात लग्न लावतात. क्षारीय स्लॅगला (भट्टीतल्या मळीला) मॅग्नेशियाची वीट हवी, तिचा भाव ऐकून मालक बर्नर विसरतील. त्यापेक्षा वाळू घालून सरळ आम्ल बाजूला जा.

ऱ्हाइनकाठी
वीटपुराण, विटेच्या रसायनाबद्दल बरोबर. पण आम्ल बाजूचा स्लॅग ओला असतो, लोळत जातो. चांगल्या चालणाऱ्या क्षारीय भट्टीत माल सुटा, बुंदीसारखा येतो, विटेला टेकतोच कमी. वितळलं तर वीट खाल्ली जाणार ना? आणि भट्टीत थोडं अस्तर बसायलाच हवं, तेच विटेला वाचवतं. नको आहे ती रिंग.

वीटपुराण
पुस्तकात. आमच्याकडच्या भट्टीत लाइट गेली, जनरेटर उशिरा लागला, किल्न वीस मिनिटं थांबलं की सगळं सुटंबिटं संपतं.

निवृत्त क्लिंकर
लाइटचा विषय निघाला म्हणून. गरम किल्न कधीही नुसतं उभं ठेवू नका. इंचिंग ड्राइव्हवर (किल्न अगदी हळू फिरवणाऱ्या जादा मोटरवर) थोड्या थोड्या वेळाने फिरवत राहा, नाहीतर शेल केळ्यासारखं वाकतं. आणि भट्टीकर, आत माणसं उतरवता तेव्हा? आमच्या साइटवर एका पोराच्या खांद्यावर वरून ढेकूळ पडलं, दोन वर्षं हात वर होत नव्हता. तडकलेला भाग फिरवून तळाला आणायचा, मग त्यावर काम. डोक्यावर रिंग ठेवून कुणी उभं राहायचं नाही. गॅस मीटर लावल्याशिवाय तर आत पायच नाही, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

प्रदूषणमुक्त
सगळे उत्साहात आहेत म्हणून विचारतो. हा माल धोकादायक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत येतो, प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी लागते, आणि नवा कच्चा माल घेतला की परवानगीतला प्रकार आणि मात्रा जुळावी लागते. भट्टीकर, तुमच्या कागदावर ‘धूळ’ म्हणून जे आहे, ते प्रत्यक्षात नेमकं कुठून येतंय?

जालनेकर
प्रदूषणमुक्त यांनी कागदाचा प्रश्न विचारला, मी लोखंडाचा विचारतो. भट्टीकर, धूळ आर्क फर्नेसची की इंडक्शन फर्नेसची? दोन्ही लोखंड वितळवणाऱ्या विजेच्या भट्ट्या, पण धूळ वेगळी.

आमच्या जालन्याचं सगळं सळईचं काम इंडक्शन फर्नेसवर चालतं. त्या फर्नेसला आतून सिलिकाचं रॅमिंग मास (अस्तराची भुकटी) ठोकतात. दर काही हीटनंतर (वितळणीच्या खेपांनंतर) पॅचिंग, मग पुन्हा नवं लायनिंग. ते झिजतं आणि त्याच्या धुळीत सिलिका येते. आर्क फर्नेसमध्ये चुना घालतात, तिची धूळ चुनखड. ट्रकमध्ये दोन्ही सारख्याच दिसतात, करड्या-तपकिरी. पण इंडक्शनची धूळ स्वस्त मिळते, हे तुमच्या खरेदीवाल्याला विचारा.

भट्टीकर
जालनेकर, तुमचा प्रतिसाद वाचून रात्री अकराला खरेदीवाल्याला फोन लावला. तो आधी गप्प. मग म्हणाला, ‘साहेब, दहा महिने झाले, निम्मा माल तिकडचाच आहे. कागदावर दोन्हीला धूळच लिहितात.’ आमचा तपासणीचा अहवाल त्याच्याही आधीचा. (प्रदूषणमुक्त, तुमचंही बरोबर निघालं. कागद दुरुस्तीला दिलेत.)

घुग्गुसचा भाऊ
बाप्पा! म्हणजे तिकडं ऑपरेटर हसत होता, इकडं खरेदीवाला.

नुसतीच वाचक
इतके दिवस नुसती वाचत होते, आज पहिला प्रतिसाद. हा धागा एखाद्या रहस्यकथेसारखा चाललाय. पुढे?

भट्टीकर
(आठ दिवसांनी)

नवा नमुना लॅबमधून आला. मिसळलेल्या धुळीत सिलिका ७, चुना-मॅग्नेशिया ९. कोळशाची ६.३ धरून ९ भागिले १३.३, म्हणजे ०.६८. मी एकच्या आसपास लटकलोय समजत होतो, तर त्याच्याही खाली.

आता कोंडी. इथून दीडच्या वर जायचं म्हणजे, ऱ्हाइनकाठींच्या गणिताने १.९ गाठायला शंभर किलोला १६ किलोच्या वर चुना. तेवढा चुना तापवायलाच कोळसा जाणार, त्या कोळशाची पुन्हा राख. वाळू घालून खाली जाणं स्वस्त, पण घावनाच्या पिठाला माझी भट्टी तयार नाही.

ऱ्हाइनकाठी
गणित चुन्याने सोडवू नका. सिलिका आत येण्याआधीच अडवा.

घुग्गुसचा भाऊ
आणि चुरा. आमच्याकडे चुरा गेला का अ‍ॅक्रिशन आलंच समजा. धूळ तशीच टाकता का गोळ्या करून?

भट्टीकर
तशीच, पाणी मारून.

जालनेकर
गोळ्या करा. डिस्क पेलेटायझर (गोळ्या वळणारं फिरतं ताट) जुना मिळतो. पण भाजलेला चुना गोळीत घालाल तर सांभाळून. पाणी लागलं की तो फुलतो, गरम होतो, दोन तासांत गोळीचं पुन्हा पीठ. विझवलेला चुना घाला, किंवा मिसळून ढीग एक दिवस ठेवा आणि मग गोळ्या वळा. दुसरं, गॅल्व्हनायझिंगच्या राखेत धातूचं जस्त असतं, ओली करून बंद शेडमध्ये ठेवू नका, हायड्रोजन निघतो. वारा खेळता हवा.

साखरपेरणी
आणि त्या राखेतलं क्लोराइड? ते कुठं जाईल?

ऱ्हाइनकाठी
वर, ऑक्साइडमध्ये. नंतर सोड्याच्या पाण्याने धुवून काढतात. वाटेत थोडं थंड टोकाला बसतं, पण आधी मोठी रिंग.

टवाळखोर
‘आधी मोठी रिंग’. साखरपुडा मराठवाड्यात, लग्न ड्यूसबर्गला.

भट्टीकर
(सात आठवड्यांनी)

मंडळी, अहवाल देतो. उशीर झाला, पण भट्टी चालू असताना लिहायला वेळ कुठला. तेच तर हवं होतं.

इंडक्शनची धूळ वेगळी काढली. ती आता वेगळ्या ढिगात पडून आहे, तिचं काय करायचं ते नंतर. कोक आणि कोळसा निम्मे-निम्मे केले, १२ आणि १५ किलो. मालक पूर्ण कोकला तयार झाले नाहीत, त्यांचंही चुकत नाही. आर्कच्या धुळीत सिलिका ४.५ निघाली, तिच्यात ६ किलो चुना. आकडा २ च्या आसपास. विझवलेला चुना, गोळ्या, एक दिवस मुरवून. पहिल्या आठवड्यात निम्म्या गोळ्या फुटल्या, मग पेलेटायझरच्या ताटाचा उतार बदलला.

थर्मोकपलची जागा बदलली आणि त्यावर विश्वास ठेवणं सोडलं. दर शिफ्टला शेलची रीडिंगं वहीत लिहितो. ही वही काकांची देणगी. एकदा विसाव्या दिवशी थंड पट्टा दिसायला लागला, तेव्हा फीड निम्मं करून बर्नर अर्धा मीटर आत-बाहेर केला. दुसऱ्या रात्री दणदण आवाज करत पट्टा खाली आला. समोर कुणी नव्हतं.

चौतिसाव्या दिवशी बंद केलं, तेही रिंगमुळे नाही, फीड एंडचं सील गेलं म्हणून. आत १० मीटरवर हातभर जाडीचं अस्तर होतं, पण पुढे-मागे सारखं, गळा आवळलेला नव्हता. वीटपुराण, विटेचा फोटो तुम्हाला पाठवतो. दोन ठिकाणी खाल्ल्यासारखी दिसते, तुमचं म्हणणं थोडं खरं होणार असं दिसतंय.

वीटपुराण
पाठवा. सगळ्या विटा बदलायची गरज नाही. त्या पट्ट्यात तेवढी मॅग्नेशियाची घाला, बाकी तशीच राहू द्या. भाव लावताना धागा लक्षात ठेवीन.

साखरपेरणी
आणि थंड टोक?

भट्टीकर
हो, तेच सांगायचं राहिलं. फीड एंडला आता पांढुरका, मऊ थर बसायला लागलाय. खरवडला की निघतो. पाण्यात टाकला, रात्रीतून विरघळला. म्हणजे तुमचं क्लोराइड. गॅल्व्हनायझिंगची राख किती टक्क्यांपर्यंत घ्यावी, यावर नवा धागा काढू की इथंच चालवू?

निवृत्त क्लिंकर
इथंच. वही एकच असावी.

टवाळखोर
एक प्रश्न राहिला. मालकांच्या बर्नरचं काय झालं?

भट्टीकर
आला. ऑर्डर त्यांनी धागा सुरू व्हायच्या आधीच दिली होती. खोक्यासकट गोदामात आहे. कुणाला हवा असेल तर व्यनि (खासगी निरोप) करा.